सुरुवात ओलांडण्यापासून : वर्दळीच्या एका रस्त्यावरील पादचारी व सायकल मार्गाच्या आखणीचा प्रकरण अभ्यास

वर्दळीच्या रस्त्यालगत पदपथ आणि सायकल मार्ग करायचे ठरले की कामाचे मोजमाप बहुधा किलोमीटरमध्ये होते. किती लांबीचा पदपथ झाला, सायकल मार्ग किती पूर्ण झाला, एवढेच अहवालात येते. परंतु वाहनांपासून वेगळा पट्टा एकदा मिळाला की चालणाऱ्याचा आणि सायकलस्वाराचा उरलेला धोका त्या पट्ट्याच्या लांबीत फारसा नसतो. तो रस्ता ओलांडण्याच्या जागी, चौकातल्या वळणावर, बसथांब्यापाशी आणि पट्टा अचानक संपतो त्या टोकाला साचलेला असतो. म्हणून या प्रकरणात आखणीचा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी ओलांडण्याच्या जागा, मग चौक, आणि शेवटी त्यांना जोडणारे सरळ पट्टे, असा तो क्रम आहे.

येथे घेतलेला रस्ता कोणत्याही एका शहराचा नाही. मोठ्या रस्त्यांवर नेहमी एकत्र आढळणाऱ्या अडचणी एका जागी आणून, मापे निश्चित करून, तो अभ्यासासाठी उभा केला आहे. मापे ठरवून घेतल्याचा फायदा असा की प्रत्येक निर्णयाचा हिशेब वाचकाला स्वतः तपासून पाहता येतो, आणि आपल्या ओळखीच्या रस्त्याची मापे त्यात घालून तोच हिशेब पुन्हा मांडता येतो.

रस्ता जसा आहे तसा

रस्त्याची लांबी 2.4 किलोमीटर आणि हद्दीपासून हद्दीपर्यंतची रुंदी 30 मीटर आहे. वाहतूक डावीकडून चालते. मध्ये 1 मीटरचा दुभाजक, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी 3.5 मीटरच्या तीन मार्गिका, त्यालगत 2 मीटरची पट्टी, जिच्यावर वाहने उभी असतात, आणि कडेला 2 मीटरचा पदपथ, अशी सध्याची विभागणी आहे. सायकलसाठी वेगळी जागा नाही. सिग्नलचे तीन चौक आहेत आणि अनेक गल्ल्या रस्त्याला येऊन मिळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकामध्ये 900 मीटरचे अंतर असून त्याच्या साधारण मध्यावर एका बाजूस शाळा आणि दुसऱ्या बाजूस दाट वस्ती आहे. वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटरची आहे.

पदपथ 2 मीटरचा असला तरी चालायला तेवढा मिळत नाही. विजेचा खांब, झाड, वितरण पेटी आणि फलकाचा पाय यांनी त्यातला अर्धा मीटर ते एक मीटर खाल्लेला असतो. प्रत्येक इमारतीच्या फाटकापाशी मोटारीला आत जाता यावे म्हणून पदपथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. गुडघे दुखणारा माणूस अशा पदपथावरून चार फाटके ओलांडतो आणि मग सरळ रस्त्याच्या कडेने चालू लागतो, कारण तिथली जमीन निदान सपाट असते. ‘लोक पदपथ वापरतच नाहीत’ ही तक्रार ऐकली की आधी फाटके मोजावीत, असे माझे मत आहे.

पाहणी करताना काय मोजायचे

अशा रस्त्यावर पहिली गोष्ट केली जाते ती वाहनांची गणना. ती हवीच; पण तेवढ्यावर आखणी केली तर पुन्हा वाहनांचाच रस्ता तयार होतो. या प्रकरणात पाहणीचे तीन भाग धरले आहेत. पहिला भाग लोक प्रत्यक्ष कुठून ओलांडतात याचा नकाशा. सकाळी, दुपारी शाळा सुटताना, संध्याकाळी आणि रात्री अशा चार वेळांना दर पंधरा मिनिटांच्या नोंदी घेऊन, माणसे जिथून रस्ता ओलांडतात त्या रेषा कागदावर उतरवायच्या. दुभाजकाचा कठडा जिथे घासून गुळगुळीत झालेला असतो, जाळीची एखादी सळई जिथे वाकवलेली असते, झुडपांतून जिथे पायवाट पडलेली असते, तिथे गणना न करताही उत्तर समोर असते.

दुसरा भाग वेगाचा. वेग मोजायचा तो रस्ता मोकळा असतानाच. गर्दीच्या वेळी सर्वच वाहने सावकाश जातात, त्यामुळे त्या वेळचा सरासरी वेग समाधानकारक दिसतो. रात्री दहानंतर त्याच रस्त्याची रुंदी चालकाला वेगळाच सल्ला देते. शंभरांपैकी 85 वाहने ज्या वेगाच्या आत असतात तो वेग नोंदवण्याची पद्धत अभियंत्यांमध्ये रूढ आहे. तो आकडा वेगमर्यादेच्या बराच वर असेल, तर दोष फक्त चालकांचा नसतो. रस्त्याची घडणच त्यांना तेवढा वेग सुचवत असते.

तिसरा भाग अपघातांच्या नोंदींचा, आणि इथे सावधगिरी लागते. अडीच किलोमीटरच्या रस्त्यावर एका वर्षात गंभीर अपघातांची संख्या लहान असते, त्यामुळे एका वर्षावरून दुसऱ्या वर्षाची तुलना करणे फसवे ठरते. तीन ते पाच वर्षांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात, आणि त्यांना थोडक्यात टळलेल्या धडकांच्या निरीक्षणाची जोड द्यावी लागते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात अशा टळलेल्या धडका पद्धतशीरपणे नोंदवण्याचे तंत्र विकसित झाले. चौकात कॅमेरा लावून काही दिवसांचे चित्रण तपासले तर कुणी जखमी होण्याची वाट न पाहता धोक्याची जागा सापडते.

सायकलस्वारांची गणना मात्र कमीच भरणार हे गृहीत धरायला हवे. जो रस्ता भीतिदायक आहे, त्यावर सायकल चालवणाऱ्यांत धीट तरुण आणि नाइलाज असलेले श्रमिक एवढेच उरतात. शाळकरी मुलगी, वयस्क माणूस, मागे मूल बसवलेली आई हे त्या गणनेत दिसत नाहीत, आणि मार्ग करायचा असतो तो प्रामुख्याने त्यांच्यासाठी.

वेगाचा हिशेब

पुढचे सर्व निर्णय वेगावर अवलंबून असल्याने या भागावर अधिक वेळ घालवणे आवश्यक आहे. समजा, चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत 1 सेकंद जातो, रस्ता कोरडा आहे आणि ब्रेक उत्तम लागतात. ताशी 30 किलोमीटरने येणारे वाहन त्या सेकंदात सुमारे 8 मीटर जाते आणि पुढच्या 5 मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण सुमारे 13 मीटर. ताशी 50 किलोमीटरने येणारे वाहन पहिल्या सेकंदातच जवळजवळ 14 मीटर गेलेले असते. याचा अर्थ असा की 13 मीटरवर एखादे मूल रस्त्यात उतरले तर पहिले वाहन त्याच्यासमोर येऊन थांबते, आणि दुसरे वाहन ब्रेक लागण्यापूर्वीच, पूर्ण वेगाने त्याच्यावर आदळते. वेगमर्यादेच्या पाटीवर हा फरक केवळ 20 चा असतो.

धडकेनंतरचे गणितही असेच आहे. अमेरिकेतील अपघातांवरून काढलेल्या एका अंदाजानुसार पादचाऱ्याच्या मृत्यूची सरासरी शक्यता ताशी सुमारे 37 किलोमीटरच्या धडकेत 10 टक्के, 51 च्या धडकेत 25 टक्के आणि 68 च्या धडकेत 50 टक्के असते. वयस्कांच्या बाबतीत ती याहून जास्त भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 11.9 लाख माणसे रस्त्यांवर मरण पावतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पादचारी, सायकलस्वार व मोटारसायकलस्वार असतात. माणसाकडून चूक होणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये, या विचारावर आधारलेले धोरण स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये स्वीकारले. जिथे माणसे आणि वाहने एकमेकांत मिसळतात तिथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असावी, ही शिफारस 2020 च्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आली.

या रस्त्यावर निर्णय असा घेतला की सरळ पट्ट्यात आखणीचा वेग ताशी 40 किलोमीटर आणि सिग्नल नसलेल्या ओलांडण्याच्या प्रत्येक जागी 30 किलोमीटर धरायचा. पाट्या लावून हा वेग मिळत नाही. तो मार्गिकांच्या रुंदीतून, उंचावलेल्या ओलांडपट्ट्यांतून आणि चौकांच्या कोपऱ्यांतून मिळवावा लागतो.

ओलांडण्याच्या जागा

शाळेसमोरच्या 900 मीटरच्या टप्प्यात आज ओलांडण्याची एकही अधिकृत जागा नाही. शाळेसमोर राहणाऱ्या माणसाने नियम पाळायचे ठरवले तर त्याने 450 मीटर चालत चौकात जावे, सिग्नलची वाट पाहावी, ओलांडावे आणि 450 मीटर परत यावे. सेकंदाला 1.2 मीटर या नेहमीच्या चालीने ही साडेबारा मिनिटांची पायपीट होते, सिग्नलचा वेळ निराळाच. समोरचे फाटक मात्र डोळ्यांना दिसत असते. असा माणूस दुभाजक ओलांडून जातो तेव्हा तो बेशिस्त आहे असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अशा जागी बहुतेक वेळा पादचारी पुलाची मागणी पुढे येते. तिचाही हिशेब करून पाहिला. खालून बस व मालवाहू वाहने जावीत म्हणून पुलावरची चालण्याची वाट साधारण 6 मीटर उंचीवर येते. चाकाच्या खुर्चीला चढता यावे यासाठी रॅम्पचा चढ बाराला एक एवढाच ठेवला, तर एका बाजूच्या रॅम्पची लांबी 72 मीटर होते, त्यात विसाव्याचे टप्पे धरलेले नाहीत. म्हणजे 30 मीटर पलीकडे जाण्यासाठी 174 मीटर चालायचे. जिने केले तर म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, सायकल हातात धरलेले आणि ओझे वाहणारे सर्वच बाहेर राहतात. लिफ्ट बसवली तर ती बंद पडल्याच्या दिवशी पूलही बंद पडतो. शिवाय खालचा रस्ता पूर्वीइतकाच वेगवान राहतो, आणि पूल टाळणारा माणूस पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येतो. म्हणून पुलाचा प्रस्ताव बाजूला ठेवून जमिनीवरूनच ओलांडण्याच्या तीन जागा, सुमारे 225 मीटरच्या अंतराने, धरल्या. नेमक्या जागा पाहणीतल्या रेषांनुसार दोन-चार मीटर इकडेतिकडे सरकवायच्या, नकाशावर समान अंतर दिसावे म्हणून नव्हे.

सध्या रस्ता ओलांडताना कर्बपासून कर्बपर्यंत, म्हणजे एका पदपथाच्या उंच कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत, 26 मीटर जावे लागते. सेकंदाला 1.2 मीटर या चालीने त्याला जवळजवळ 22 सेकंद लागतात. काठी घेऊन सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्याला 32 सेकंदांहून अधिक. नव्या विभागणीत दुभाजक 2 मीटरचा होतो, एका दिशेच्या दोनच मार्गिका उरतात आणि ओलांडण्याच्या जागी पार्किंगची पट्टी भरून काढून कर्ब पुढे आणला जातो. त्यामुळे एका वेळी ओलांडायचे अंतर 6.25 मीटर होते. सावकाश चालणाऱ्यालाही त्याला 8 सेकंद पुरतात, आणि मध्ये 2 मीटरच्या जागेत थांबून, दुसऱ्या दिशेची वाहतूक पाहून, पुढचा निर्णय घेता येतो. दुभाजकातील अशा विसाव्याच्या जागेमुळे पादचाऱ्यांचे अपघात निम्म्याहून अधिक घटतात, असा अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाचा निष्कर्ष आहे. या विसाव्याची रुंदी 2 मीटरहून कमी करण्याचा मोह टाळायला हवा. सायकल किंवा बाबागाडी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे पुढचे चाक त्याहून कमी जागेत वाहनांच्या मार्गिकेत डोकावते.

पुढे आणलेल्या कर्बचे महत्त्व शाळेसमोर उभे राहिल्यावर कळते. सात वर्षांचे मूल साधारण 1.2 मीटर उंच असते. उभ्या केलेल्या मोठ्या मोटारीचे बॉनेट जवळपास त्याच उंचीचे असते. मूल दोन मोटारींच्या मधून डोके बाहेर काढते तेव्हा त्याला येणारी गाडी दिसत नाही आणि चालकाला मूल दिसत नाही. दोघांची नजरानजर होते ती मूल मार्गिकेत आल्यावर. कर्ब मोटारींच्या कडेपर्यंत पुढे आणला की मूल पदपथावर सुरक्षित उभे असतानाच दोघांना एकमेकांची पुरती चाहूल लागते. त्याच्या अलीकडचे 10 मीटर वाहने उभी करण्यास पूर्ण मनाई ठेवायची, आणि ती मनाई पिवळ्या रेघेने नव्हे तर झुडपांच्या वाफ्याने किंवा सायकली लावायच्या कमानींनी पाळायला लावायची. वाफ्यातली झुडपे गुडघ्याच्या वर वाढू द्यायची नाहीत, नाहीतर मोटारीचीच जागा झुडूप घेते.

एका दिशेला दोन मार्गिका असलेल्या रस्त्यावर एक धोका उरतो आणि तो कमी लेखला जातो. आतल्या मार्गिकेतले वाहन पादचाऱ्यासाठी थांबते, पादचारी विश्वासाने पुढे जातो, आणि थांबलेल्या वाहनाच्या आडून दुसऱ्या मार्गिकेतले वाहन वेगात येते. थांबणाऱ्या चालकाच्या सौजन्यामुळेच पादचारी उघडा पडतो. यावर उपाय म्हणून थांबरेषा झेब्रा पट्ट्याच्या आधी 6 ते 10 मीटर मागे घेतली, म्हणजे थांबलेल्या वाहनाच्या पुढून दुसरी मार्गिका दिसू लागते. आणि संपूर्ण ओलांडपट्टा 10 सेंटिमीटर उंचावून पदपथाच्या पातळीकडे आणला. बसमधील प्रवाशांना हिसका बसू नये म्हणून त्याचे चढ-उतार सौम्य आणि माथा बसच्या दोन्ही चाकजोड्या मावतील एवढा लांब ठेवायचा. शाळेसमोर मात्र एवढ्यावर थांबणे मला पटत नाही. तिथे बटण दाबल्यावर लागणारा सिग्नल हवाच, आणि बटण दाबल्यापासून थोड्या सेकंदांत तो लागला पाहिजे. अर्ध्या मिनिटाहून अधिक वाट पाहावी लागली की मुले वाट पाहत नाहीत.

रुंदीची नवी वाटणी

एका दिशेच्या 15 मीटरची नवी वाटणी अशी ठरली : दुभाजकाचा अर्धा भाग 1 मीटर, आतली मार्गिका 3 मीटर, बससाठी बाहेरची मार्गिका 3.25 मीटर, झाडे, पार्किंग आणि बसथांब्यांसाठी 2.25 मीटरची पट्टी, 0.75 मीटरचे अंतर, 2.25 मीटरचा सायकल मार्ग आणि 2.5 मीटरचा पदपथ. बेरीज 15 मीटर. यात नवी जमीन लागत नाही, कुणाचे कुंपण मागे सरकत नाही.

0.75 मीटरचे अंतर वाया गेलेली जागा नाही. उभ्या मोटारीचे दार उघडते ते त्या अंतरात. दार अचानक उघडून सायकलस्वार त्यावर आदळण्याचे अपघात सर्वत्र होतात, आणि त्यांतले बरेच केवळ हे अंतर न सोडल्यामुळे होतात. खांब, पेट्या, फलक यांनाही याच पट्टीत किंवा झाडांच्या ओळीत हलवायचे, म्हणजे पदपथाचे 2.5 मीटर खरोखर मोकळे राहतात आणि चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तरी कुणाला खाली उतरावे लागत नाही. फाटकांपाशी पदपथ आणि सायकल मार्ग एकाच पातळीत पुढे जातात. चढायचे असेल तर मोटारीने चढावे.

एक मार्गिका गेल्याने कोंडी होईल, हा आक्षेप येणारच आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. शहरातल्या रस्त्याची क्षमता ठरते ती सरळ पट्ट्यात नव्हे, सिग्नलवर. अखंड हिरवा दिवा मिळाला तर एका मार्गिकेतून तासाला ढोबळमानाने 1,800 मोटारी निघतात; हिरवा दिवा वेळेच्या 40 टक्केच मिळत असेल तर 720. चौकातून तासाला 720 च निघणार असतील, तर मधल्या पट्ट्यात तिसरी मार्गिका ठेवून फक्त पुढच्या लाल दिव्यापर्यंत लवकर पोहोचता येते. त्यामुळे मधल्या भागात दोन मार्गिका आणि गरज असलेल्या चौकांत, पार्किंगची पट्टी थांबवून, पुन्हा तीन, असा मार्ग काढला. अमेरिकेतील शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेत 3 मीटरच्या पट्ट्यातून तासाला खाजगी वाहनांनी 600 ते 1,600 माणसे, तर वेगळ्या दुहेरी सायकल मार्गाने 7,500 माणसे जाऊ शकतात, अशी तुलना दिली आहे. रस्ता माणसे नेण्यासाठी आहे, एवढे मान्य केले की ही वाटणी समजावून सांगणे सोपे जाते.

सायकल मार्ग दोन्ही बाजूंना एकेरी असावा की एकाच बाजूला दुहेरी, यावर बराच विचार करावा लागला. दुहेरी मार्ग कमी जागेत बसतो. परंतु गल्लीतून बाहेर पडणारा चालक उजवीकडून येणारी वाहने पाहत असतो. डावीकडून, उलट दिशेने येणारी सायकल त्याच्या अपेक्षेतच नसते. ज्या रस्त्याला इतक्या गल्ल्या मिळतात तिथे ही चूक रोज घडेल. म्हणून एकेरी मार्ग ठरवले, आणि केवळ शाळेच्या लांब भिंतीलगत, जिथे एकही गल्ली नाही, तेवढ्यापुरता दुहेरी मार्ग 3 मीटर रुंद करून दिला. पार्किंगची पट्टी तिथे अरुंद होते. उलट दिशेने जाणाऱ्या सायकलींवर ओरडून उपयोग नसतो. ओलांडायची जागा 900 मीटरवर असते तेव्हा लोक उलटे जातात आणि 225 मीटरवर आली की त्यातले बरेचसे जात नाहीत.

बसथांब्यापाशी सायकल मार्ग थांब्याच्या मागून नेला आहे. बस मार्गिकेतच थांबते, उतरणारे प्रवासी थांब्याच्या चौथऱ्यावर उतरतात आणि मग झेब्रा पट्ट्यावरून सायकल मार्ग ओलांडून पदपथावर येतात. सायकल मार्ग इथे पदपथाच्या पातळीवर चढवला की सायकलस्वार आपोआप सावकाश होतो. अंध व्यक्तींना ही रचना अडचणीची ठरते, कारण सायकलचा आवाज येत नाही. त्यासाठी पायाला जाणवणाऱ्या उंचवट्याच्या फरशा आणि एकच, नेहमी त्याच जागी असणारी ओलांडपट्टी लागते. आराखडा पक्का करण्यापूर्वी अशा व्यक्तींना प्रत्यक्ष बोलावून मार्गावरून चालवून पाहणे हा कामाचाच भाग धरला पाहिजे.

चौक

चौकाच्या कोपऱ्याची गोलाई पाहून तिथे पादचारी सुरक्षित आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो. वळणावरचा वेग साधारण त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. त्रिज्या 16 मीटरवरून 4 मीटर केली, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर आणली, की वळणाचा वेग निम्म्यावर येतो. बस आणि अग्निशमन वाहनांना तेवढ्यात वळता येत नाही, म्हणून कोपऱ्यालगत थोडा उंचावलेला, खडबडीत, मोठ्या चाकांना चढता येईल असा पट्टा ठेवला. मोटारीच्या चालकाला तो टाळावासा वाटतो, बस मात्र त्यावरून सहज जाते. सिग्नल न पाळता डावीकडे वळू देणारी मोकळी वाट तिन्ही चौकांत बंद केली आहे, कारण तिथे पादचाऱ्याला कधीच हक्काचा क्षण मिळत नाही.

पहिल्या चौकात जागा आहे. तिथे नेदरलँड्समध्ये रूढ असलेली रचना वापरली : कोपऱ्यावर लहानसे बेट, आणि सायकलचा ओलांडपट्टा मुख्य मार्गिकेपासून सुमारे 5 मीटर आत. वळणारी मोटार आधी पूर्ण वळते, मग तिच्यासमोर सायकलस्वार जवळजवळ काटकोनात येतो. मोटारीला मागच्या वाहतुकीला न अडवता तेवढ्या जागेत थांबता येते. मालवाहू वाहनाच्या बाबतीत हा काटकोन जीव वाचवणारा आहे, कारण त्याच्या डाव्या दारालगतची जागा चालकाला दिसत नाही आणि सरळ जाणारी सायकल नेमकी त्याच जागी असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकात एवढी जागा नाही. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी तिसरी मार्गिका ठेवल्यावर 8.5 मीटरमध्ये 2.75 मीटरच्या दोन आणि 3 मीटरची एक मार्गिका बसते, पण सायकलचा ओलांडपट्टा मागे घेता येत नाही. हा या आराखड्यातला खरा तोटा आहे. जागेने जे मिळत नाही ते वेळेने द्यायचे, म्हणून तिथे डावीकडे वळणाऱ्या वाहनांना वेगळा टप्पा दिला. पादचारी आणि सायकली सरळ जात असताना वळणारी वाहने लाल दिव्यावर उभी राहतात. पहिल्या चौकात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा वाहनांच्या 5 सेकंद आधी लागतो. तेवढ्यात ते ओलांडपट्ट्यावर पुढे आलेले असतात आणि वळणाऱ्या चालकाला दिसतात. आणखी एक बदल तिन्ही चौकांना लागू आहे. सिग्नलचे चक्र 150 सेकंदांचे असेल तर चुकलेल्या पादचाऱ्याला दोन मिनिटांहून अधिक उभे राहावे लागते. ते 90 सेकंदांवर आणले आहे.

छोट्या गोष्टी

आराखड्यात न दिसणाऱ्या काही गोष्टी मार्ग वापरात येतो की नाही हे ठरवतात. पावसाच्या पाण्याच्या जाळीच्या सळया प्रवासाच्या दिशेने बसवल्या तर सायकलचे अरुंद चाक त्यात अडकते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्या आडव्याच असल्या पाहिजेत. रॅम्पच्या पायथ्याशी दोन सेंटिमीटरची कड राहिली तर चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाके तिथेच अडतात. चेंबरची झाकणे पृष्ठभागाच्या पातळीत हवीत. दिव्यांचे उंच खांब वाहनांच्या मार्गिका उजळतात आणि झाडांखालचा पदपथ अंधारात ठेवतात, म्हणून पदपथासाठी झाडांच्या फांद्यांखाली येणारे, 4 ते 5 मीटर उंचीचे वेगळे दिवे लागतात.

सायकल मार्गावर मोटारसायकली शिरतील, ही भीती खरी आहे. दीड मीटरवर खांब उभे केले तर मोटारी अडतात, मोटारसायकली अडत नाहीत. आणि त्याहून जवळ उभे केले तर मालवाहू सायकल आणि चाकाची खुर्चीही अडते. म्हणून इथे केवळ वस्तू बसवून प्रश्न सुटेल असे मी म्हणणार नाही. पहिले काही महिने चौकांपाशी पोलिसांची उपस्थिती लागेल, आणि ती आराखड्याच्या खर्चात सुरुवातीपासून धरावी लागेल.

अंमलबजावणीचा क्रम

सर्व काम एकदम काँक्रीटमध्ये करण्याऐवजी शाळेभोवतीचा 600 मीटरचा भाग आधी रंग, कुंड्या, रबरी कर्ब आणि प्लास्टिकच्या खांबांनी आठ आठवड्यांसाठी उभा करायचा. या काळात वेग, ओलांडणाऱ्यांच्या रेषा आणि टळलेल्या धडका पूर्वीसारख्याच मोजायच्या. मालाची चढउतार कुठे होते, रुग्णवाहिका कुठे अडते, पाणी कुठे साचते, हे कागदावर कळत नाही. कुंड्या हलवता येतात तोवर कळलेले बरे. न्यूयॉर्कमध्ये 2007 साली नाइन्थ अव्हेन्यूवर उभ्या मोटारींच्या ओळीआड सायकल मार्ग करण्यात आला तो रस्त्याच्या आहे त्या कर्बच्या आतच जागेची वाटणी बदलून. अशा कामात वर्षे जात नाहीत.

मात्र तात्पुरत्या टप्प्यावरच थांबण्याचा धोका मोठा आहे. प्लास्टिकचे खांब तुटतात, रंग उडतो, आणि सहा महिन्यांनी तिथे पुन्हा वाहने उभी राहतात. स्पेनमधील सेव्हिल शहराने 2006 ते 2010 या काळात सुमारे 120 किलोमीटरचे वेगळे सायकल मार्ग केले ते एकमेकांना जोडलेले, आणि सायकलींचा वापर कित्येक पटींनी वाढला. जोडलेपणाचा तो धडा इथे 2.4 किलोमीटरलाही लागू आहे, विशेषतः दोन्ही टोकांना.

कामाची हद्द तिसऱ्या चौकाच्या पुढे 180 मीटरवर, कागदावरच्या एका रेषेशी संपते. तिथे गल्ली नाही, सिग्नल नाही, काहीच नाही. सायकल मार्ग तिथे संपवला तर सायकलस्वार ताशी 50 किलोमीटरने जाणाऱ्या वाहनांच्या मार्गिकेत, मागे न पाहता, शिरणार. म्हणून सायकल मार्ग तिसऱ्या चौकातच, सिग्नलच्या आधाराने संपवायचा, किंवा हद्दीबाहेरच्या पुढच्या चौकापर्यंत आणखी 150 मीटर न्यायचा, असे दोनच पर्याय उरतात. त्यांतला दुसरा निवडला आहे. त्यासाठी शेजारच्या विभागाची परवानगी आणि 150 मीटरचा जादा खर्च लागेल, आणि ती परवानगी हातात पडेपर्यंत तिसऱ्या चौकापुढच्या पट्ट्यावर सायकलचे चिन्ह रंगवायचे नाही.